टायमिंग बेल्ट ‘थोडा कडकच’ ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीतलं गाड्यांचं सदर मी न चुकता वाचते. मागच्या खेपेला हौसेने बदललेल्या इंजिनांवर लिहिताना सदरकारांनी जाता जाता एक सल्ला दिला : कॅम (वॉल्व उघडणारा दांडा) बदलला असेल, हेड (इंजिनाचं वरचं, वॉल्व असलेलं झाकण) फेस केलं, म्हणजे खालून घासून सपाट केलं असेल, इंजिन जास्त आरपीएमला (मिनिटाला जास्त फेऱ्यांनी) पळवायचं असेल, तर टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरून) कॅम फिरवणारा दातेरी पट्टा, कंपनीने सांगितल्यापेक्षा ‘थोडा कडकच’ बसवावा, म्हणजे दात सुटायची धास्ती नको. बाकी लेख चांगला होता, चाकांबद्दल आणि ब्रेकबद्दल तर फारच. पण ही एक ओळ लोकांना महागात पडणार आहे, म्हणून लिहिते.

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं हेड सरफेसिंगचं आणि वॉल्व सीट कटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. इंजिन खोलणं आणि बांधणं आमचं काम नव्हे, ते गॅरेजवाल्यांचं. आमच्याकडे नुसतं हेड येतं, रिक्षात गोणपाटावर ठेवून. पण हेडवरून मागचा फिटर काय करून बसलाय ते समजतं. बेल्ट कडक ओढलेला असेल तर ते मला बेल्ट न बघताही सांगता येतं.

कसं, ते सांगते. बऱ्याच जुन्या अॅल्युमिनियम हेडांत कॅमशाफ्ट सरळ हेडच्याच धातूत फिरतो, मध्ये बेअरिंगचा वेगळा कप नसतो. बेल्ट कॅमच्या पुलीला खाली, क्रँककडे ओढतो. ताण बेताचा असेल तर जर्नल (कॅमचा भोकात फिरणारा गोल भाग) आणि हेड यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा टिकतो. ताण वाढला की पुलीजवळचा पहिला जर्नल खालच्या अंगाला घासू लागतो. हेड टेबलावर ठेवून पहिल्या भोकात बोट फिरवलं तर वरचं अर्धं गुळगुळीत आणि खालचं अर्धं नखाला लागेल असं चरचरीत. बाकीची भोकं मात्र ठीक. तेलाची टंचाई झाली असती तर सगळीकडेच घासलं असतं. पहिलंच तेवढं खराब, आणि तेही खालूनच, याचा अर्थ एकच. मग समोरचं ऑइल सील गळू लागतं, तेल बेल्टवर पडतं, रबर फुगतं, आणि जो बेल्ट तुटू नये म्हणून कडक केला होता तो आधी मरतो. बेल्ट नवा आणता येतो. हेडचं भोक खाल्लं गेलं तर लाइन बोअरिंग करा (सगळी भोकं एका रेषेत पुन्हा कापून घ्या), नाहीतर दुसरं हेड शोधा, आणि जुन्या गाड्यांची चांगली हेडं आता सहजी मिळत नाहीत.

सदरकारांच्या सल्ल्यामागे जो समज आहे तो गॅरेजमध्येही सर्रास ऐकू येतो : इंजिनाची ताकद वाढली, म्हणजे बेल्टवरचा भार वाढला. टायमिंग बेल्ट चाकं फिरवत नाही. तो कॅम फिरवतो, काही गाड्यांत वॉटर पंप फिरवतो, काहींत ऑइल पंप. टर्बो लावून ताकद दीडपट केली आणि कॅम, स्प्रिंगा, आरपीएमची मर्यादा मूळचीच ठेवली, तर बेल्टच्या कामात फारसा फरक पडत नाही. भार वाढतो तो वॉल्वच्या स्प्रिंगा ताठ घातल्या, कॅमची लिफ्ट (वॉल्व किती उघडतो ते) वाढवली आणि आरपीएम चढवले तर.

आणि तो भारही कसा येतो ते बघा. कॅमचं नाक वॉल्व उघडत असतं तेव्हा स्प्रिंग विरोध करते, बेल्टची ओढणारी बाजू ताणली जाते. नाक पलीकडे गेलं की तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते आणि तीच बाजू क्षणभर सैल पडते. प्रत्येक वॉल्वला हे होतं, म्हणजे बेल्टला सतत ओढ-सोड, ओढ-सोड. स्प्रिंगा ताठ केल्या की हे हेलकावे मोठे होतात. बेल्ट कडक केल्याने ते कमी होत नाहीत. हेलकावे तेवढेच राहतात, फक्त सगळेच वरच्या पट्टीत जातात आणि बेल्टच्या दोऱ्यांना, बेअरिंगला, जर्नलला कायमचं ओझं होतं. मूळचा ताण तसाच ठेवावा असं मी म्हणत नाही. फार ताठ स्प्रिंगा असतील तर तो थोडा वाढवावाही लागतो. पण किती, ते कॅम आणि स्प्रिंगा देणाऱ्याला विचारून आणि मोजून. ‘थोडा कडकच’ हे माप नाही.

आता उष्णतेचं. लेखात याचा उल्लेखच नव्हता आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अॅल्युमिनियम गरम झालं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं : मीटरमागे, अंशामागे साधारण 23 मायक्रॉन, बिडाचं 11-12. ज्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमची आहेत आणि क्रँकपासून कॅमपर्यंत अंतर, समजा, 35 सेंटीमीटर आहे, ते 30 अंशांवरून 90 अंशांवर गेलं की कॅम जवळजवळ अर्धा मिलिमीटर वर सरकतो. बेल्टच्या दोन बाजू आहेत, म्हणजे बेल्टला एक मिलिमीटर जास्त पुरवायचंय. बेल्टमधल्या काचेच्या दोऱ्या काही तेवढ्या वाढत नाहीत. स्प्रिंगवर किंवा तेलाच्या दाबावर चालणारा टेंशनर (बेल्टला ताण देणारं चाक) स्वतःहून मागे सरकतो. पण हौशी मंडळी ‘तो उडतो, भरवशाचा नाही’ म्हणून तो काढून बोल्टने पक्का करायचा टेंशनर लावतात. मग ही वाढ पचवायला कोणी उरत नाही. थंड असताना नीट वाटणारा बेल्ट गरम झाल्यावर कडक असतो, आणि थंड असतानाच ‘थोडा कडक’ केलेला गरम झाल्यावर रडतो. आमच्या बाजूला त्या आवाजाला शिट्टी म्हणतात आणि काही पोरांना तो सुपरचार्जरसारखा वाटून आवडतो!

म्हणून ताण बघायचा तो थंड इंजिनावर. थंड म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या. गाडी गॅरेजला आली, बॉनेट उघडलं, चहा झाला, आता थंड, असं नाही. बडोद्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभं इंजिनसुद्धा चाळिशीच्या वर असतं. हे काम सकाळी पहिल्याप्रथम करावं.

हेड फेसिंगबद्दल तर मी बोलायलाच हवं, कारण ती करणी आमचीच. हेडवरून वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काढले, म्हणजे अर्धा मिलिमीटर, तर कॅम तेवढा क्रँकच्या जवळ येतो. बेल्ट एकूण मिलिमीटरभर सैल पडतो आणि तो ढिलेपणा टेंशनरच्या बाजूला जातो. शिवाय कॅम किंचित मागे पडतो. आठ मिलिमीटर पिचचा (दातापासून दातापर्यंत आठ मिलिमीटर) बेल्ट आणि कॅमची पुली चाळीस दातांची धरली तर पुलीचा घेर 320 मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला कॅम अर्ध्या अंशाहून थोडा जास्त मागे, क्रँकच्या हिशेबात एक अंशाच्या आसपास. हे टेंशनर आवळून दुरुस्त होत नाही. त्यासाठी सरकवता येणारी कॅम पुली मिळते. टेंशनर ताणासाठी, पुली टायमिंगसाठी, ही दोन कामं वेगळी आहेत. उलट, टर्बोसाठी कॉम्प्रेशन उतरवायला जाड हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी) घातलं तर कॅम दूर जातो, बेल्ट आपोआप ताणला जातो आणि टेंशनर मागे घ्यावा लागतो. म्हणजे एका बदलात बेल्ट सैल होतो, दुसऱ्यात घट्ट, आणि सदरकारांचा सल्ला दोघांना एकच.

आम्ही पावतीवर किती काढलं ते लिहून देतो आणि आधीची उंचीही लिहितो, कारण हेड पहिल्यांदाच फेस होतंय असं नसतं. आधीच्या कोणीतरी आधीच्या कोणत्यातरी शहरात दहा-पंधरा थाऊ नेलेले असतात. ही पावती फिटर फेकून देतात, गिऱ्हाईक तर बघतही नाही. खरं तर इंजिन बांधताना हाच कागद हातात हवा.

दिवाळीआधी एक मुलगा मारुती एस्टीमचं हेड घेऊन आला, बरोबर जुना बेल्टही पिशवीत. एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन हौशी लोकांचं लाडकं, हलकं आणि वर फिरायला राजी. याने कॅम बदललेला, स्प्रिंगा ताठ. ‘काकू, बेल्ट सैलच बसतो हो, दर वेळी आवळावा लागतो,’ ही त्याची तक्रार. मी बेल्ट हातात घेतला. दातांच्या मधल्या सपाट जागा चकचकीत झालेल्या, दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा. हा सैल बेल्टचा चेहरा नव्हे. सैल बेल्टचे दात बाजूने खाल्ले जातात आणि कव्हरच्या आत काळी पूड सापडते. मी विचारलं, टेंशनर कसा लावता? तर मित्र पेचकस घालून टेंशनर दाबून धरतो आणि हा बोल्ट कसतो.

सुझुकीच्या या जुन्या इंजिनांत एक छोटी स्प्रिंग दिलेली आहे आणि ताण किती असावा ते तिने ठरवायचं आहे. पद्धत अशी : हेड कव्हर काढून टॅपेटचे (कॅम आणि वॉल्व यांच्यातली फट ठरवणारे) सगळे स्क्रू पूर्ण ढिले करायचे, म्हणजे कॅम मोकळा फिरेल. बेल्ट चढवायचा, टेंशनर ढिला सोडायचा, स्प्रिंगला ओढू द्यायचं. क्रँक पान्याने चालत्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, खुणा जुळतात का बघायच्या, मग टेंशनरचा आधी स्टड, नंतर बोल्ट टॉर्क रेंचने कसायचा. टॅपेट परत सेट करायचे. टॅपेट ढिले करण्याची पायरी सगळे गाळतात, कारण कव्हर काढायचा कंटाळा. पण टॅपेट बसवलेले असले की कुठला ना कुठला वॉल्व कॅमवर रेलून असतो, कॅम एका बाजूला अडून राहतो आणि बेल्टचा ढिलेपणा जिथे जायला हवा तिथे जात नाही. बिचाऱ्या स्प्रिंगची ताकद ती केवढी. मूळच्या इंजिनात हे एकवेळ चालून जातं. ताठ स्प्रिंगा घातल्यावर कॅम दुप्पट जोराने अडतो, ताण चुकीचा बसतो, पहिल्या दोनचार फेऱ्यांनंतर बेल्ट सैल दिसतो, मग पेचकस. हे त्या मुलाला समजावलं तेव्हा त्याचा मित्र म्हणाला, ‘म्हणजे कंपनीने उगाच नाही लिहिलं.’ नाही बाबा, उगाच नाही.

हीच पद्धत दुसऱ्या गाडीला लावायची नाही हेही सदरात यायला हवं होतं. पहिल्या पिढीच्या होंडा सिटीचं इंजिन उलट, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतं. तिथे क्रँक त्याच दिशेने, कॅम पुलीचे तीन दात पुढे जाईपर्यंत फिरवून मग टेंशनरचा बोल्ट कसतात. मारुतीची सवय असलेला हात ती काट्यांच्या दिशेने फिरवतो आणि ढिलेपणा भलत्या बाजूला नेतो. ओपल कोर्साची आणखी निराळी तऱ्हा. ती इथे हालोललाच बनत असे, म्हणून आमच्याकडे अजून दिसते. तिच्या आठ वॉल्ववाल्या इंजिनात वॉटर पंपच गोल फिरवून टेंशनरचा काटा खाचेसमोर आणायचा, आणि वापरलेल्या बेल्टला नव्या बेल्टपेक्षा काट्याची जागा वेगळी.

मोजायचं कसं, हा प्रश्न उरतो. बेल्टच्या लांब बाजूला मधोमध दोन बोटांत धरून पिळायचा, नव्वद अंश फिरला की ठीक, ही जुन्या मिस्त्र्यांची रीत. काही जुन्या इंजिनांना ती चालतेही, पण ती बोटाच्या जोरावर अवलंबून, आणि अरुंद बेल्ट रुंदापेक्षा सहज पिळतो. अंगठ्याने दाबून बघणं त्याहून बेभरवशाचं. आता सोपा उपाय आहे. बेल्टच्या मोकळ्या भागाला टिचकी मारली की तो ठरावीक सुरात थरथरतो आणि तो सूर फोन मोजतो, तशी अॅप मिळतात. ज्यांनी बारावीला प्रयोगशाळेत सोनोमीटरची तार वाजवली आहे त्यांना यातलं गणित माहीत आहे : ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 100 हर्ट्झऐवजी 110 आले तर ताण 10 टक्के नाही, 21 टक्के वाढलाय. कानाला किरकोळ वाटणारा फरक, आणि जर्नलला एकपंचमांश जास्त ओढ. बांधताना चांगला बसलेल्या मूळ इंजिनाचा थंड आकडा लिहून ठेवावा, कोणत्या दोन पुलींमधला भाग ते लिहावं, आणि बदलानंतर त्याच भागाचा आकडा घ्यावा. आमच्या शेजारी पॉवर प्रेस आहे. तो चालू असताना फोन बेल्टऐवजी प्रेसचाच आकडा सांगतो, म्हणून आम्ही जेवणाच्या सुट्टीत मोजतो.

सैल बेल्टची बाजूही सांगते, नाहीतर उद्या कोणी हे पत्र दाखवून बेल्ट लोंबता ठेवेल. सैल बेल्ट दात सोडतो, आणि चाळीस दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे कॅमवर 9 अंश, क्रँकवर 18. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) कॅमवरून चालणाऱ्या गाडीत टायमिंग लाइट मारली की खूण एका जागी न राहता नाचते, ती सैलपणाची पहिली चाहूल. काही जुन्या इंजिनांत बेल्ट तुटला तरी वॉल्व पिस्टनला लागत नाहीत, त्या भरवशावर पुष्कळजण निर्धास्त असतात. पण ती मोकळी जागा मूळच्या कॅमची आणि मूळच्या हेडची. वीस थाऊ काढले, लिफ्ट वाढवली, की ती जागा गेली. बांधताना पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवून, हेड बसवून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवून परत उघडावं आणि मातीवर वॉल्वने किती खोल ठसा उमटवला ते मोजावं. वेळ लागतो. हेड परत उघडावं लागतं म्हणून गॅरेजवाला कुरकुरतो. करू द्यावी.

बेल्ट उलटा दुमडू नये, आत काचेच्या दोऱ्या असतात आणि त्या मोडतात. कॅमचा बोल्ट कसताना बेल्टच्या आधाराने पुली धरू नये. एकदा चाललेला बेल्ट हेड परत उघडल्यावर पुन्हा चढवू नये, निदान बदललेल्या इंजिनावर तरी. त्यात पैसे वाचवणारा माणूस कॅमवर किती खर्च करून बसलाय ते आधी आठवावं.

एक विषयांतर. सयाजीराव महाराजांनी 1890 साली इथे कलाभवन काढलं ते हातात हत्यार घेणाऱ्याला मोजायला शिकवण्यासाठी. माझे सासरे तिथेच शिकले आणि मायक्रोमीटर उघडा ठेवला तर जेवायला बसत नसत. आज त्याच गावात ‘टाइट करी दे’ एवढ्यावर इंजिनं बांधली जातात, याचं वाईट वाटतं. गाड्या बदलाव्यात की नाही यावर मी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल काय म्हणतं ते पोरांना माहीत असतं आणि तरी ती करतातच. करणारच असतील तर एक्स्प्रेसवेवर मधल्या लेनमध्ये इंजिन बंद पडून मागून ट्रक येऊ नये, एवढं तरी बघावं.

सदरकारांना विनंती आहे की पुढच्या शनिवारी ती ओळ दुरुस्त करावी. हवं तर इथे यावं, पहिला जर्नल खाल्लेली हेडं मी कोपऱ्यात ठेवली आहेत, बोट फिरवून बघता येतील. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापायचंच झालं तर कलाभवनाचा परिच्छेद कापा, थंड इंजिनाचा ठेवा.

आपली,
हेड सरफेसिंगवाली एक वाचक
मकरपुरा, बडोदे